पाल, पालक आणि किरायदार

साप आणि घरभाडं यांचा संबंध मराठी भाषेनं फार पूर्वीच लावून ठेवला आहे. ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हटलं की डोळ्यांसमोर नाग कमी आणि घर न सोडणारा किरायदार जास्त उभा राहतो. प्राणिशास्त्रही इथे म्हणीच्याच बाजूनं आहे. नाग स्वतः बीळ खणत नाही. उंदरानं उकरलेलं किंवा वाळवीनं बांधलेलं तयार घर तो बघतो, आत शिरतो, आणि उंदीर घरीच असला तर मूळ मालकाला गिळूनच ताबा घेतो. डिपॉझिटचा प्रश्नच उरत नाही. हा पूर्वेतिहास ठाऊक असलेल्या घरमालकाला एखाद्यानं ‘माझ्यासोबत एक साप राहीन, चालते ना जी?’ असं विचारलं, तर एकाच खोलीत दोन नागोबा शिरत असल्याची शंका त्याला यायचीच. मराठीत शंकेची पाल चुकचुकते, कुत्रं भुंकत नाही. म्हणजे या व्यवहारात शंकासुद्धा सरपटणारीच.

सावनेर तालुक्यातलं खापा हे कन्हान नदीच्या काठचं विणकरांचं जुनं गाव. तिथली नगरपालिका १८६७ सालची. जवळ गुमगावची मँगनीजची खाण, भोवती संत्र्याच्या बागा. अशा गावात बदलीवर आलेली माणसं असायचीच: मास्तर, बँकेतले, दवाखान्यातले, खाणीवरचे. ती किरायानं खोल्या घेतात, अकरा महिन्यांचा करार करतात आणि तो संपता संपता पुढच्या बदलीच्या आदेशाकडे डोळे लावून बसतात. त्यांच्यापैकी एखाद्याला अजगर, इग्वाना किंवा कासव पाळायची हौस असली तर तिचं काय करायचं? नागपूर जिल्ह्याच्या नावातच नाग आहे. श्रावणात सावनेरवरूनच पचमढीच्या नागद्वारला गाड्या भरभरून जातात, आणि माणसं नागाच्या दर्शनासाठी पावसात डोंगर चढतात. तोच भाविक परत आल्यावर मागच्या खोलीत नागाच्या परदेशी चुलतभावाला जागा देत नाही. यात विसंगती काही नाही. देवाकडे आपण जातो ती यात्रा. देव आपल्याकडे वस्तीला आला तर त्याला पोटभाडेकरू म्हणतात. माझं म्हणणं असं की घरमालकाचा नकार बरोबर आहे, पण त्यामागची त्याची सगळी कारणं चुकीची आहेत. खरं कारण एकदा कळलं की किरायदाराची हौस त्याच खोलीत, कायद्याला धक्का न लावता, फुकटात भागते.

आधी चुकीची कारणं बघू. घर दाखवताना मालक जे प्रश्न विचारतो ते त्यानं जरा अजगरालाच विचारून पाहावेत. माणसं किती? एक, हा प्राणी जन्मभर एकटा राहतो. पाहुणे? येत नाहीत, आले तर थांबत नाहीत. रात्रीचा आवाज? सापाला बाहेरचा कान नाही आणि फुसकारण्यापलीकडे आवाजही नाही, त्यामुळे तो टीव्ही मोठ्यानं लावत नाही आणि शेजारच्यांनी लावला तर भांडायला जात नाही. नळाचं पाणी? एक वाटी. सापांचं आणि पालींचं मूत्र पांढऱ्या खड्यासारखं घट्ट पडतं, पाणी वाया घालवणं त्यांच्या शरीरालाच मंजूर नाही. स्वयंपाकघराचा वापर? आफ्रिकेतला बॉल पायथन हा छोटा अजगर मोठा झाल्यावर दहा-पंधरा दिवसांतून एकदा जेवतो आणि मनात आलं तर काही महिने जेवतच नाही. इतके कडक उपास खुद्द मालकिणीच्यानंही होत नसतील. राहता राहिला ‘व्हेज का नॉनव्हेज’ हा लाखमोलाचा प्रश्न. अजगर उंदीर खातो, हे कबूल. पण हिरवा इग्वाना निव्वळ पाल्यावर जगतो आणि कांदा-लसणाचा हट्ट धरत नाही. मुलं नकोत, मुलीच हव्यात असं म्हणणाऱ्या मालकांसाठी निसर्गानं वाळा घडवला आहे. पावसाळ्यात न्हाणीत दिसणारा, गांडुळाएवढा, बिनविषारी साप. त्याच्या जातीत फक्त माद्या असतात, नराशिवायच पिल्लं होतात, आणि कुंड्यांतल्या मातीतून त्या जगभर पसरल्या आहेत. मालकाच्या सगळ्या अटींना उतरणारा किरायदार शोधत गेलं तर वाट सापाच्या बिळाशीच संपते.

मग अडतं कुठे? पहिला अडसर कायद्याचा, आणि तो अर्धाच खरा आहे. आपल्या मातीतले प्राणी पाळायची सोय नाही. घोरपड आणि भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. खोली रिकामी करायला मालक महिनाभराची मुदत देतो. इथे सरकारच तीन वर्षं राहायची सोय करतं आणि किरायाही मागत नाही. भरभराटीसाठी लोक चोरून घेतात ते अंगावर चांदण्या असलेलं स्टार कासवही पाळता येत नाही. कासव लक्ष्मी आणतं म्हणे, पण ती बहुतेक वकिलाच्या घरी. विदेशी प्राण्यांची गोष्ट वेगळी. कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी परिवेश पोर्टलवर सक्तीची केली. अजगर कोणाकडे आहे, कोणाकडे गेला, त्याला पिल्लं झाली, तो वारला, सगळं कळवायचं. दुसरीकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. ती किती घरांत पाळली जाते, हे ज्याचं त्यानं मनाशी मोजावं. एखाद्या खोलीत कागदपत्रं पूर्ण असलेला रहिवासी एकटा अजगरच निघायचा. याच कायद्यात शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूला काढता येईल असंही म्हटलं आहे. पण अजगर उपद्रव देतच नाही, तो नुसता पडून असतो. उपद्रव होतो तो शेजारच्या काकूंना तो असल्याचं कळल्यावर, आणि त्या माहितीवर कुठल्याच अनुसूचीत बंदी नाही.

खरा अडसर आहे मुदतीचा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो, म्हणून एक महिना कमी करून अकरा महिन्यांचा करार करायची चाल पडली. महाराष्ट्रात त्या पळवाटेचा आता उपयोग उरला नाही, तरी सवय सुटलेली नाही. आता या अकरा महिन्यांशेजारी सरपटणाऱ्या प्राण्याचं आयुष्य ठेवून बघा. मत्स्यालयाच्या दुकानात पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कानामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकन कासव मिळतं. ते जेवायच्या ताटाएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगतं. म्हणजे अकरा महिन्यांचे तेहेतीस करार. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथन मादीनं २०२० मध्ये अंडी घातली तेव्हा तिचं वय बासष्टच्या आसपास होतं: सदुसष्ट करार होऊन अडुसष्टावा चालू. सेंट हेलेना बेटावरच्या गव्हर्नरच्या बंगल्यात १८८२ मध्ये सेशेल्सहून एक मोठं कासव आणलं. त्यानंतर कितीतरी गव्हर्नर आले, सही-शिक्का करून गेले, कासव त्याच हिरवळीवर चरत राहिलं. त्या बंगल्यात किरायदार कोण, हे ब्रिटिश सरकारलाही सांगता आलं नसतं. आपल्याकडची गोष्ट थेट हीच आहे. ज्याचा स्वतःचा पत्ता वर्षभर टिकत नाही, त्यानं तीस वर्षांच्या रहिवाशाला आसरा द्यायला निघणं म्हणजे धर्मशाळेतल्या मुक्कामात नारळाचं झाड लावणं.

दुसरा अडसर हवेचा आहे आणि तोही मुदतीशीच येऊन जुळतो. सरपटणाऱ्या प्राण्याला अंगची ऊब नसते, तो ती जागेकडून उसनी घेतो. बॉल पायथनला साधारण सव्वीस ते बत्तीस अंशांचा कोपरा लागतो. पुस्तकं परदेशी असल्यामुळे त्यांत दिवा कसा लावावा, पेटी गरम कशी राखावी याचीच पानंच्या पानं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या मुलखात पेटी थंड कशी ठेवावी, यावर ती गप्प. तेव्हा अजगरासाठी कूलर आला. कूलर म्हणजे रोज पाणी भरणं, दरवर्षी गवत बदलणं, खिडकीला ठोकलेली फळी आणि वीजबिलावरून मालकाशी तंटा. डिसेंबरात रात्री दहा अंशांखाली उतरल्या की त्याच पेटीला दिवा. एवढं करून बदली झाली की पेटी, दिवा, कूलर आणि अजगर टेम्पोत चढवायचे. नव्या जागेत हा प्राणी आठवडेच्या आठवडे अन्नाला तोंड लावत नाही. कुत्र्याचं घर म्हणजे त्याचा माणूस; माणूस चंद्रपूरला गेला की घर चंद्रपूरला गेलं. सापाचं घर म्हणजे एका कोपऱ्यातलं एक तापमान. बदलीच्या आदेशात त्याचा उल्लेख नसतो.

यावर हौशी मंडळी इतिहास पुढे करतील. मराठी माणूस आणि सरपटणारे प्राणी यांचं जुनं सख्य आहे, मग आताच भीती कसली? पुरावे बघू. पोवाड्यांनी अजरामर केलेली तानाजींची यशवंती घोरपड घ्या. दंतकथा खरी धरली तरी तिचं काम एका रात्रीचं होतं, आणि तेही ज्या वास्तूत मालकाची परवानगी नव्हती तिथे शिरण्याचं. भाडेकरूनं हा दाखला न दिलेलाच बरा. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीआधी नाग पकडून माठात ठेवायचे, सणाला पूजा करायची आणि मग जिथून आणले तिथे सोडायचे. मुदत ठरलेली, जागा परत करायची अट पक्की. तरी न्यायालयानं त्या प्रथेला लगाम घातलाच. सगळ्यात भारी दाखला नीलिमकुमार खैरे यांचा. १९८० मध्ये ते पुण्यात काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास राहिले. एका खोलीत त्र्याहत्तर जण कोंबण्याचा हा प्रयोग पुण्यातल्या बऱ्याच घरमालकांना स्फूर्तिदायक वाटला असेल, पण तोही तीन दिवसांत आटोपला. पुढे त्याच खैऱ्यांनी सापांसाठी कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं, म्हणजे ज्याला साप खरोखर कळले त्यानं त्यांना कायमचा पत्ता दिला. इतिहास आपल्या बाजूनं आहे म्हणणाऱ्यांनी त्यातले करार किती अल्पमुदतीचे होते तेही वाचावं.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. मुदत संपली तर प्राणी सोडून देता येईल की, कन्हान काय लांब आहे? नेमकं हेच होतं, आणि इथे हसू थांबतं. लाल कानाचं ते कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ताटाएवढं झालं, पाणी वास मारू लागलं, बदली आली, की लोक ते पुण्य म्हणून नदीत सोडतात. मग ते तिथल्या कासवांची उन्हं खायची जागा आणि अन्न बळकावतं. म्हणीतला नागोबा निदान स्वतःहून बिळात शिरतो. याला तर आपण हात धरून आयत्या नदीवर बसवतो. खोली सोडताना भिंतीला मारलेले खिळे मोजून पैसे कापणारा मालक निदान खिळे तरी मोजतो. कन्हानकडून डिपॉझिट कापायला कोणी येत नाही.

एवढं झाल्यावर हौशी किरायदाराच्या हाती काय उरलं? त्यानं वर बघावं. ट्यूबलाइटच्या पट्टीमागून एक डोकं बाहेर आलेलं असेल. घरातली पाल हा खराखुरा सरपटणारा प्राणी आहे आणि त्याचे गुण कुठल्याही महागड्या परदेशी जातीच्या तोडीचे आहेत. छतावर उलटं चालायला ती चिकटद्रव्य वापरत नाही. तिच्या बोटांवर लक्षावधी सूक्ष्म केस असतात, आणि ते रेणूंमधल्या अतिशय दुबळ्या आकर्षणानं भिंत धरून ठेवतात, हे शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रयोगानं दाखवलं. तिला पापण्या नाहीत. डोळे ती जिभेनं पुसते. संकटात शेपूट सोडून पळते आणि पुढे नवी उगवते; डिपॉझिट सोडून पळालेल्या किरायदाराला ही दुसरी सोय नसते. उन्हाळ्यात तिला कूलर लागत नाही, हिवाळ्यात दिवा लागत नाही, बदली झाली तर टेम्पो लागत नाही. ती पाचेक वर्षं सहज जगते, म्हणजे अकरा महिन्यांचे पाच करार पुरे करून सहाव्याचे मुद्रांक खरेदी होताना बघते. जे या बदलीच्या माणसाला जमत नाही ते तिनं साधलं आहे: एका पत्त्यावर टिकून राहणं.

‘पण पाल आम्ही पाळलेली नाही, ती आपली आली आहे,’ हा आक्षेप तर्काचा आहे आणि उत्तरही तर्कानंच द्यावं. पाळणं म्हणजे आसरा देणं, खाऊ घालणं आणि फार अपेक्षा न ठेवणं. आसरा आपण देतोच. संध्याकाळी दिवा लावला की किडे येतात, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी तिला जेवण वाढणारे आपणच. आणि प्रेमाची अपेक्षा अजगराकडूनही ठेवायची नसतेच. कोणी म्हणेल, पाल विषारी असते, दुधात पडली तर घर साफ. आपल्याकडच्या पाली विषारी नसतात. पडलेलं दूध टाकून द्यावं ते साल्मोनेला जिवाणूंसाठी, आणि ते त्या गोंडस कासवांच्याही अंगावर असतात. म्हणून तर अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. कोणी म्हणेल, ती फोटोंच्या मागे घाण करते. करते, पेटीतला अजगर पेटीत करतो आणि ती पेटीही आपल्यालाच धुवावी लागते. राहिला अपशकुनाचा मुद्दा. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल अंगाच्या कुठल्या भागावर पडली तर काय फळ, याची अवयववार यादी. इतकं तपशीलवार कोष्टक आपण गाय, कुत्रा, मांजर यांच्यापैकी कोणाच्याही पडण्यासाठी केलेलं नाही. ज्याच्या प्रत्येक हालचालीची अशी नोंद ठेवली जाते त्याला घरातलं माणूस म्हणायला हरकत नसावी.

मुदतीनं मोजलं तर हिशेब आणखी एका अंगानं उलटतो. आपण पालीला पाळतो म्हणतो, पण तिच्या बाजूनं बघितलं तर दर अकरा महिन्यांनी एक नवं कुटुंब येतं, पेट्या उघडतं, संध्याकाळी दिवा लावतं, काही काळ राहतं आणि जातं. पालक या शब्दात आधी पाल येते, मग उरलेलं अक्षर. नगरपालिकेतही ती आहेच, बरोबर मधोमध बसलेली. तेव्हा घरमालकांना एक सुचवावंसं वाटतं. ‘पाळीव प्राण्यांना मनाई’ हे कलम तुम्ही करारात घालता, आणि ते किरायदार कुलूप उघडतो त्याच घटकेला मोडलेलं असतं, कारण प्राणी आधीपासून आत असतो. ते कलम ठेवा, अजगर-इग्वानापुरतं ते शहाणपणाचं आहे. पण कराराच्या शेवटी सामानाची यादी असते, आणि घर ताब्यात देताना जे होतं ते सोडताना जसंच्या तसं परत करायचं असतं. त्या यादीत पंखे दोन, ट्यूबलाइट तीन, नळ चार याच्याखाली आणखी एक ओळ घालावी: पाल, एक, चालू स्थितीत.